घरी राइट केलेली सीडी प्लेअर का नाकारतो आणि एमपी थ्री वाजवताना तो आत काय करतो

माळ्यावर किंवा टीव्हीखालच्या कपाटात अजून पुष्कळ जणांकडे घरी राइट केलेल्या सीड्या पडून आहेत, कुणाकडे आजोबांचं प्रवचन आहे, कुणाकडे एखाद्या मैफिलीचं घरगुती रेकॉर्डिंग, कुणाकडे सायबर कॅफेवाल्याकडून भरून घेतलेली दीडशे गाणी. कधीतरी हौसेने ती सीडी जुन्या प्लेअरमध्ये घालावी तर तो थोडा वेळ आत खुडबुड करतो आणि स्क्रीनवर 'नो डिस्क' आणून थांबतो. मग घरात एकच निकाल, सीडी गेली. हा निकाल फार घाईचा असतो. बऱ्याचदा आवाज सीडीवर शाबूत असतो, फक्त त्या ठराविक प्लेअरला तिथपर्यंत पोचता आलेलं नसतं. पोचण्यासाठी त्याला चार गोष्टी जमाव्या लागतात, त्याही याच क्रमाने: सीडीवर टाकलेला उजेड पुरेसा परत यायला हवा, सुरुवातीची अनुक्रमणिका सापडायला हवी, डेटा सीडी असेल तर फायलींची मांडणी कळायला हवी, आणि शेवटी फाइल उलगडून तिचा आवाज करता यायला हवा. यातलं कुठे अडलंय ते ओळखता आलं की निम्मं काम झालं, आणि ते ओळखणं वाटतं तेवढं अवघड नाही.

आधी दुकानातून आणलेली छापील सीडी घ्या. १९८२ मध्ये पहिले सीडी प्लेअर बाजारात आले, सोनी आणि फिलिप्स या दोघांनी मिळून ठरवलेल्या मापांवर. १२ सेंटीमीटरची प्लॅस्टिकची चकती, तिच्यात आतून बाहेर जाणारी एकच सलग वळणावळणाची रेघ, सरळ केली तर साधारण ५ ते ६ किलोमीटर भरेल. शेजारच्या दोन वळणांमधलं अंतर फक्त १.६ मायक्रॉन. या रेघेवर कारखान्यात साच्याने बारीक खळगे उठवलेले असतात आणि वरून चकचकीत ॲल्युमिनियमचा थर असतो. प्लेअर खालून ७८० नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्याला जवळजवळ न दिसणारा लेसर टाकतो, सपाट भागावरून उजेड चांगला परत येतो, खळग्यावरून कमी येतो, आणि उजेडाच्या या कमी-जास्त होण्यातूनच सगळा हिशोब लागतो. छापील सीडीवरून साधारण ७० टक्के किंवा त्याहून जास्त उजेड परत येतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता कोरी सीडी, म्हणजे सीडी-आर. तिच्यात खळगे नसतात. प्लॅस्टिक आणि चकचकीत थर यांच्या मधे एका सेंद्रिय रंगाचा, म्हणजे डायचा, पातळ थर असतो. राइटरचा लेसर वाचताना मंद असतो पण लिहिताना जोरात पेटतो, रंगाचा तेवढा ठिपका तापून बदलतो आणि तिथून उजेड कमी परत येतो. प्लेअरला तो ठिपका खळग्यासारखाच वाटतो. खरा खळगा नसूनही १९८२ सालच्या नियमांवर बनलेला प्लेअर तो वाचू शकतो, आणि मला ही सगळ्या प्रकारातली सगळ्यात हुशार गोष्ट वाटते, कारण लोकांच्या घरात आधीच असलेल्या लाखो प्लेअरना हात न लावता हे जमवलं गेलं. चांगल्या सीडी-आर वरून ६५ टक्क्यांच्या वर उजेड परत येतो, म्हणजे छापीलच्या अगदी जवळ.

सीडी-आर हातात घेऊन ट्यूबलाइटखाली खालची बाजू थोडी तिरकी धरून बघा. मधल्या भोकाजवळून सुरू होणारा एक पट्टा बाकीच्यापेक्षा थोड्या वेगळ्या छटेचा दिसेल, तोच भरलेला भाग, आणि जिथे छटा बदलते तिथे लिहिणं थांबलेलं आहे. दहा गाणी भरलेली आहेत की शंभर, हे प्लेअर नसतानाही असं अंदाजाने कळतं, आणि पट्टाच दिसत नसेल तर सीडी कोरीच असण्याची शक्यता जास्त. थराचा रंगही बोलका असतो, गडद निळा असेल तर ॲझो जातीचा डाय, हिरवट निळा असेल तर बहुतेक सायनिन, आणि जवळजवळ बिनरंगी किंवा फिकट असेल तर थॅलोसायनिन. आपल्याकडे ग्रेटर नोएडाच्या मोझर बेअरच्या सीड्या घराघरात होत्या, ही कंपनी एकेकाळी जगातल्या मोठ्या सीडी बनवणाऱ्यांपैकी एक होती, आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर तर कोऱ्या सीड्यांचे स्पिंडलच्या स्पिंडल विकले जायचे. त्यातल्या स्वस्त बिननावाच्या सीड्यांचा दर्जा एकसारखा नसायचा. त्यामुळे एकाच वर्षी, एकाच कॉम्प्युटरवर भरलेल्या दोन सीड्यांपैकी एक आज वाजते आणि दुसरी वाजत नाही, असं होऊ शकतं.

सीडी-आरडब्ल्यू, म्हणजे पुसून परत लिहिता येणारी, हे प्रकरण पूर्ण वेगळं. तिच्यात रंग नसतो, धातूंचा मिश्र थर असतो, चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांचा. लेसरने तो ५०० ते ७०० अंशांपर्यंत तापवून झटकन गार होऊ दिला की तो ठिपका विस्कळीत राहतो आणि उजेड कमी परत देतो, साधारण २०० अंशांच्या आसपास तापवून ठेवला की परत स्फटिकासारखा जुळून येतो आणि जास्त उजेड देतो. हे साधारण हजारवेळा करता येतं. पण इथे ग्यानबाची मेख आहे, या थरावरून एकूण उजेडच १५ ते २५ टक्के परत येतो. ज्या प्लेअरची नजर ७० टक्क्यांना बसवलेली आहे त्याला हा उजेड इतका कमी वाटतो की आत सीडी आहे हेच त्याला पटत नाही. १९९७ च्या सुमाराला सीडी-आरडब्ल्यू आली, त्याआधीच्या प्लेअरवर ती वाजेल अशी अपेक्षाच ठेवू नका, नंतरच्या प्लेअरमध्ये मिळालेला सिग्नल आपोआप वाढवून घेणारं सर्किट घातलं गेलं म्हणून त्यांच्यावर वाजते. म्युझिक सिस्टीमसाठी भरायची असेल तर साधी सीडी-आर घ्या, आरडब्ल्यू नको, हा सल्ला मी अजूनही देतो.

डीव्हीडी प्लेअरची गंमत अजून निराळी आहे. डीव्हीडीचा लेसर लाल असतो, ६५० नॅनोमीटरचा. सीडी-आरचा रंग मात्र ७८० च्या उजेडासाठी बेतलेला, ६५० चा उजेड तो परत पाठवायच्या ऐवजी पिऊन टाकतो. त्यामुळे अगदी सुरुवातीचे एकाच लेसरवाले काही डीव्हीडी प्लेअर छापील सीडी वाजवायचे, कधीकधी आरडब्ल्यू सुद्धा वाजवायचे, आणि साधी सीडी-आर मात्र ओळखायचे नाहीत. लोक चक्रावून जायचे कारण सगळीकडे ऐकलेलं उलटं असायचं. नंतर एकाच डोक्यात दोन लेसर बसवायला सुरुवात झाली आणि हा प्रश्न संपला. याची उलटी बाजू आजही लागू आहे: एमपी थ्री फायली डीव्हीडी-आरवर भरून गाडीतल्या सीडी प्लेअरमध्ये घातल्या तर काहीही होणार नाही, कारण डीव्हीडीची रेघ दुपटीहून दाट असते आणि ७८० च्या लेसरला ती वाचताच येत नाही.

पहिल्या पायरीवरचा दोष ओळखायची सोपी रीत अशी की प्लेअरमध्ये आधी चांगली छापील सीडी घाला, मग राइट केलेली, मग असलीच तर आरडब्ल्यू. प्लेअर म्हातारा झाला, लेन्सवर धूळ बसली किंवा लेसर अशक्त झाला की तो सहसा याच्या उलट्या क्रमाने माघार घेतो, आधी आरडब्ल्यू वाजेनाशी होते, मग सीडी-आर, आणि छापील सीडी सगळ्यात शेवटी. म्हणजे छापील वाजतेय आणि राइट केलेली एकही वाजत नाही असं असेल तर सीड्यांवर संशय घ्यायच्या आधी प्लेअरवर घ्या आणि त्याच सीड्या कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. पावसाळ्यात अजून एक होतं, एसीतून एकदम दमट हवेत आणलेल्या प्लेअरच्या लेन्सवर बाष्प धरतं, अशा वेळी सीडी बाहेर काढून प्लेअर तासभर चालू ठेवला की बरेचदा आपोआप ठीक होतो. दुरुस्तीला न्यायची घाई नको.

उजेडाचं जमलं की प्लेअर पहिली गोष्ट करतो ती म्हणजे सगळ्यात आतल्या कडेला जाऊन अनुक्रमणिका वाचतो. भोकाजवळच्या या भागाला लीड-इन म्हणतात, तिथे एकूण ट्रॅक किती, कुठला ट्रॅक कितव्या मिनिट-सेकंदाला सुरू होतो, सीडी कुठे संपते, हे लिहिलेलं असतं. कारखान्यात हे आधीच माहीत असतं. घरी राइट करताना मात्र अजून गाणी टाकायची आहेत की नाही हे कॉम्प्युटरला माहीत नसतं, म्हणून ती जागा मोकळी ठेवली जाते, ट्रॅकची नोंद तात्पुरती त्याच्याही आत एका राखीव पट्ट्यात ठेवली जाते, आणि तुम्ही 'फायनलाइज' केल्यावरच खरी अनुक्रमणिका आणि शेवटाची खूण लिहिली जाते. तो तात्पुरता पट्टा राइटरला वाचता येतो, साध्या प्लेअरला त्याचा पत्ताच नसतो. म्हणून फायनलाइज न केलेली सीडी कॉम्प्युटरवर झकास दिसते आणि हॉलमधल्या म्युझिक सिस्टीमवर 'नो डिस्क' येतं. मला विचाराल तर "घरी वाजते, गाडीत वाजत नाही" या तक्रारीत निदान सर्वात आधी हेच तपासावं, आणि चांगली बातमी म्हणजे हे आजही दुरुस्त होतं: राइटर असलेल्या कॉम्प्युटरमध्ये सीडी घाला, राइटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये डिस्क बंद करायचा किंवा फायनलाइज करायचा पर्याय शोधा, थोड्या मिनिटांत काम होतं. अट एकच, लिहिणं मधेच तुटलेलं नसावं.

याच्यातच मल्टिसेशनचं, म्हणजे एकाच सीडीवर वेगवेगळ्या बैठकांत (सेशनमध्ये) भरत जाण्याचं, झंगट आहे. आज वीस गाणी टाकली, सेशन बंद केलं, पण डिस्क उघडी ठेवली, पुढच्या महिन्यात अजून दहा टाकली. प्रत्येक सेशनला स्वतःचा लीड-इन आणि स्वतःचा शेवट लागतो, पहिल्यानंतरच्या सेशनला त्यापायी दहा-बारा एमबीच्या वर जागा जाते. साधा ऑडिओ सीडी प्लेअर फक्त पहिलं सेशन ओळखतो, नंतरची दहा गाणी त्याच्यासाठी नाहीतच. एमपी थ्री वाजवणारे प्लेअर बहुतेक वेळा पुढची सेशन बघतात, पण सगळे नाही. पहिली वीस वाजतात आणि नंतरची दिसतच नाहीत असं असेल तर कारण हेच.

आता सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो मुद्दा. ऑडिओ सीडी आणि गाण्यांच्या फायली असलेली डेटा सीडी या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत, चकती तीच असली तरी. ऑडिओ सीडीवर फाइल नावाची गोष्टच नसते. आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा, डावा आणि उजवा वेगळा, असे आकडे एकामागोमाग एक रेघेवर ओतलेले असतात, बस. हिशोब केला तर सेकंदाला १,७६,४०० बाइट होतात. सीडी हे एका सेकंदाचे बाइट ७५ तुकड्यांत वाचते, प्रत्येक तुकडा २,३५२ बाइटचा. ८० मिनिटांच्या सीडीवर असे ३ लाख ६० हजार तुकडे बसतात.

डेटा सीडीवर तुकडा तेवढाच असतो, पण त्यातले २,०४८ बाइटच तुमच्या फायलीला मिळतात. उरलेले ३०४ बाइट त्या तुकड्याचा पत्ता आणि चुका दुरुस्त करायची जादा माहिती यासाठी जातात. ३ लाख ६० हजाराला २,०४८ ने गुणा, जवळजवळ ७३ कोटी ७० लाख बाइट येतात, डब्यावर छापलेलं '८० मिनिटं / ७०० एमबी' ते इथून आलं (कॉम्प्युटरच्या हिशोबात एक एमबी दहा लाख बाइटपेक्षा थोडा मोठा असतो). गाण्यात एखादा आकडा चुकला तर प्लेअर मागचा-पुढचा आकडा बघून मधला अंदाजाने भरतो आणि कानाला कळतही नाही, पण फायलीत असा अंदाज चालत नाही, म्हणून तिथे हा जास्तीचा बंदोबस्त लागतो.

यावरून जुन्या प्लेअरचं वागणं समजतं. ज्या प्लेअरच्या पुढच्या बाजूला एमपी थ्री लिहिलेलं नाही, त्याला डेटा सीडी दिली तर तो अनुक्रमणिका वाचतो, एकच ट्रॅक आहे आणि तो डेटा आहे एवढं त्याला कळतं, आणि तो गप्प बसतो किंवा एकच ट्रॅक दाखवून शून्य आवाज काढतो. त्याच्यात फायली वाचणारी चिपच नाही. त्याच्यासाठी राइट करताना सॉफ्टवेअरमध्ये 'ऑडिओ सीडी' हाच पर्याय निवडावा लागतो, मग कॉम्प्युटर एमपी थ्री आधी उलगडतो आणि साधे आकडे लिहितो. अर्थात मग ८० मिनिटांतच सीडी भरते. आणि एमपी थ्रीतून ऑडिओ सीडी केली म्हणून आवाज सुधारत नाही, जे एकदा गाळलं गेलं ते परत येत नाही.

डेटा सीडी करायची ठरवली तर फायली कशा मांडल्यात याला महत्त्व येतं. प्लेअरना जी मांडणी हमखास येते तिचं नाव आयएसओ ९६६०, १९८८ सालचं मानक. त्याच्या सगळ्यात कडक पातळीवर फाइलचं नाव फक्त आठ अक्षरं आणि पुढे तीन अक्षरांचं एक्स्टेन्शन, फोल्डरच्या आत फोल्डर आठ पातळ्यांपर्यंत. मायक्रोसॉफ्टने त्याच्यावर जॉलिएट नावाची जोड दिली, तिच्यात ६४ अक्षरांपर्यंत नावं चालतात आणि युनिकोड असल्यामुळे देवनागरी नावंसुद्धा लिहिली जातात. या दोन्ही चालतात. अडचण तिसऱ्या मांडणीची आहे, यूडीएफ. विंडोजमध्ये कोरी सीडी घातली की एक खिडकी उघडते आणि विचारते की ही डिस्क पेन ड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेअरमध्ये. पहिला पर्याय सोयीचा वाटतो, फायली नुसत्या ओढून टाकता येतात, म्हणून लोक तो निवडतात, आणि तिथेच काम बिघडतं, कारण त्या पर्यायात सीडी यूडीएफमध्ये लिहिली जाते आणि गाडीतल्या, हॉलमधल्या बहुतेक प्लेअरना ती वाचता येत नाही. दुसराच पर्याय घ्या, दर वेळी.

क्रम आणि नावांचं थोडक्यात सांगतो. बरेच प्लेअर फायली नावाप्रमाणे लावतात आणि त्यांच्या लेखी १ नंतर १० येतो, मग ११, मग कुठे २. म्हणून नावाच्या सुरुवातीला ०१, ०२, शंभराच्या वर गेलात तर ००१ असं लिहायचं, तेही इंग्रजी आकड्यांत. देवनागरी नावं सीडीवर व्यवस्थित असतात, पण प्लेअरच्या छोट्या स्क्रीनमध्ये ती अक्षरंच भरलेली नसतात, त्यामुळे प्रश्नचिन्हं, चौकोन किंवा रिकामी ओळ दिसते. गाणं मात्र वाजतं. गाडीत चालवताना नाव वाचायचं असेल तर रोमन लिपीत नाव द्या, दुसरा इलाज नाही. शिवाय एका सीडीवर किती फायली आणि किती फोल्डर चालतील याची प्रत्येक प्लेअरची मर्यादा असते, २५५ फायली ही नेहमी दिसणारी मर्यादा, त्याच्या पुढची गाणी तो मोजतच नाही.

आता एमपी थ्री. जर्मनीत एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं यात मोठं काम आहे, मानक १९९३ मध्ये छापून आलं, आणि फायलीच्या नावापुढे लावायचं ते प्रसिद्ध शेपूट जुलै १९९५ मध्ये ठरलं. कल्पना अशी की माणसाच्या कानाला सगळंच ऐकू येत नाही. तबल्यावर एक जोरदार थाप पडली की त्या क्षणी, आणि त्याच्या किंचित नंतरही, त्याच पट्टीच्या आसपासचे हळू आवाज आपल्याला ऐकूच येत नाहीत. ते सीडीवर आकड्यांच्या रूपात असतात, पण कानापर्यंत पोचत नाहीत. मग जे झाकलं जाणारच आहे त्याच्यावर जास्त बिट कशाला घालवायचे? एन्कोडर, म्हणजे एमपी थ्री बनवणारं सॉफ्टवेअर, आवाजाचे छोटे छोटे तुकडे करतो, एका फ्रेममध्ये १,१५२ नमुने, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झवर साधारण २६ मिलिसेकंद, प्रत्येक तुकड्यात कुठली पट्टी किती झाकली जाणार हे मोजतो, आणि तिथे आकडे ढोबळ करून टाकतो.

सेकंदाला १,४११ किलोबिटचं काम १२८ मध्ये होतं, अकरा पटीने कमी. म्हणून ७०० एमबीच्या सीडीवर १२८ ने जवळपास पावणेतेरा तास बसतात, १९२ ने साडेआठ, ३२० ने पाच. एसटी स्टँडवर 'एकशे पन्नास सुपरहिट' म्हणून एकाच चकतीत मिळायचे ते यामुळेच. पण फार ताणलं की कळतं. ६४ वर भरलेलं भजन ऐका, गळा बरा वाटतो पण टाळ आणि झांजा किरकिरीत, लपलपत्या होतात, कारण उंच पट्टीतल्या त्या दाट आवाजाला पुरेसे बिट मिळत नाहीत. तबल्याच्या 'ना' च्या आधी एक पुसटशी फुस्स येते, ढोबळपणा थापेच्या आधीच्या शांततेत सांडतो म्हणून. शास्त्रीय गाणं असेल तर १९२ च्या खाली जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, जागा वाचवून करायचंय काय.

प्लेअर वाजवताना उलटं काम करतो. प्रत्येक फ्रेमच्या डोक्यावर एक ठरलेली खूण, मग बिटरेट (सेकंदाला किती किलोबिट), मग सॅम्पलिंग रेट (सेकंदाला किती नमुने). ते वाचून चिप तुकडा उलगडते आणि पुढच्याकडे जाते. १२८ च्या गाण्याला सेकंदाला फक्त १६ हजार बाइट लागतात आणि सीडी आपल्या साध्या वेगातही सेकंदाला दीड लाखाच्या वर देते, म्हणून अशा प्लेअरमध्ये पुढचं गाणं आधीच मेमरीत घेऊन ठेवायला भरपूर वाव असतो आणि खड्ड्यांच्या रस्त्यावरही ते कमी अडखळतं. काही फायलींत बिटरेट दर फ्रेमला बदलतो, त्याला व्हीबीआर म्हणतात, आवाजाच्या दृष्टीने हे चांगलंच, पण जुने प्लेअर पहिल्या फ्रेमवरून पूर्ण गाण्याची वेळ काढतात आणि मग साडेचार मिनिटांचं गाणं अकरा मिनिटांचं दाखवतात. यात बिघाड काही नाही.

एक अडचण आपल्याकडे विशेष येते. कीर्तन-प्रवचनांच्या फायली बोलण्यापुरत्या म्हणून २२.०५ किंवा २४ किलोहर्ट्झला, मोनोत, खूप कमी बिटरेटला केलेल्या असतात. एमपी थ्रीच्या मूळ मानकात फक्त ३२, ४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झ होते, त्याच्या खालचे रेट नंतरच्या मानकात आले, आणि काही प्लेअरना ते येत नाहीत. मग गाण्यांची सीडी वाजते आणि प्रवचनाची फाइल तो उडी मारून पुढे जातो. कॉम्प्युटरवर ती फाइल ४४.१ किलोहर्ट्झला करून परत लिहिली की वाजते.

डब्ल्यूएमए हे मायक्रोसॉफ्टचं १९९९ चं स्वरूप, त्याचं चिन्ह असलेल्या प्लेअरवर साधी डब्ल्यूएमए वाजते, पण विकत घेतलेली कुलूपबंद फाइल वाजत नाही कारण परवाना कॉम्प्युटरवर राहिलेला असतो. फ्लॅक, एएसी, ओपस ही आवाजाच्या फायलींची इतर स्वरूपं जुन्या प्लेअरला बहुधा कळत नाहीत. हल्ली फोनवर रेकॉर्ड केलेलं किंवा व्हॉट्सॲपवर आलेलं ऑडिओ सहसा एएसी किंवा ओपस असतं, आणि लोक फक्त नाव बदलून शेवटी एमपी थ्री लिहितात. नाव बदलून फाइल बदलत नाही. कधी प्लेअर तिला सोडून देतो, कधी ती खरोखर एमपी थ्री समजून वाजवायला जातो आणि कर्कश खरखर काढतो, त्यात स्पीकरलाही धोका असतो. रीतसर कन्व्हर्ट करा.

मग कुठली सीडी कशासाठी? वयस्कर माणसांच्या खोलीतल्या साध्या प्लेअरसाठी आणि मैफिलीच्या रेकॉर्डिंगसाठी ऑडिओ सीडीच करा. मैफिलीत विलंबित संपून द्रुत सुरू होतं तिथे ट्रॅक बदलला तरी आवाज सलग हवा, एमपी थ्रीत प्रत्येक फायलीच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी रिकामी भर पडते आणि साध्या प्लेअरवर तिथे बारीक खंड ऐकू येतो. ऑडिओ सीडीसुद्धा 'डिस्क ॲट वन्स' पद्धतीने, म्हणजे पूर्ण सीडी एका दमात, लिहा आणि गाण्यांमधला गॅप शून्य ठेवा, एकेक गाणं सुटं लिहिणाऱ्या 'ट्रॅक ॲट वन्स' मध्ये मधे दोन सेकंद जातात. प्रवासासाठी, पहाटेच्या भूपाळ्या-अभंगांसाठी, तासन्‌तास चालू राहणाऱ्या गोष्टींसाठी एमपी थ्री.

लिहिताना ५२ एक्सचा, म्हणजे साध्या वेगाच्या ५२ पट, जोर लावू नका, १६ किंवा २४ च्या आसपास ठेवा, जुन्या प्लेअरना अशा सीड्या जास्त मानवतात असा अनुभव आहे. सीडीवर कागदी लेबल चिकटवू नका, उन्हात तापलेल्या गाडीत ते सुटतं आणि प्लेअरच्या फटीत अडकतं, शिवाय वजन एका बाजूला गेलं की सीडी थरथरते. आणि लोक खालची बाजू जिवापाड जपतात पण वरच्या बाजूवर बॉलपेनने लिहितात, हे नेमकं उलटं आहे. खाली १.२ मिलिमीटर प्लॅस्टिक आहे, तिथला चरा बरेचदा घासून बरा होतो. वरच्या बाजूला, नाव लिहितो तिथे, चकचकीत थर आणि रंगाचा थर नुसत्या लॅकरच्या पापुद्र्याखाली असतात, पेनाचं टोक रुतलं की तिथला आवाज कायमचा गेला. मऊ टोकाचा, पाण्याच्या शाईचा मार्कर वापरा. सीडी उन्हापासून लांब, डब्यात उभी ठेवा, रंगाचा थर उजेडाने आणि उष्णतेने उतरतो.

घरात खरोखर महत्त्वाचं, दुसरीकडे कुठे नसलेलं रेकॉर्डिंग अशा सीडीवर असेल तर ती वाजतेय तोवर आत्ताच उतरवून घ्या. लॅपटॉपला ड्राइव्ह नसेल तर यूएसबीचा बाहेरचा डीव्हीडी राइटर अजून मिळतो. एका ड्राइव्हवर वाचली नाही तर दुसऱ्या, शक्यतो वेगळ्या कंपनीच्या ड्राइव्हवर बघा, दोन ड्राइव्हची नजर सारखी नसते. खालची बाजू मऊ सुती कापडाने मधून बाहेर सरळ पुसा, गोल फिरवून नाही, कारण गोल चरा रेघेच्या दिशेने जातो आणि सलग बराच भाग खातो, आडवा चरा प्रत्येक वळणाला थोडाच लागतो आणि चुका दुरुस्त करणारी व्यवस्था तो भरून काढते.

ऑडिओ सीडी असेल तर एक गोष्ट नीट बघा. विंडोजमध्ये तिच्यावर सीडीए नावाच्या छोट्या छोट्या फायली दिसतात, लोक त्या कॉपी करून हार्ड डिस्कवर टाकतात आणि सीडी देऊन टाकतात. त्या प्रत्येक फायलीत फक्त ४४ बाइट असतात, ट्रॅक कुठे सुरू होतो एवढाच पत्ता, आवाज एक सेकंदाचाही नाही. आवाज काढायला रिप करावं लागतं, म्हणजे ट्रॅक वाचून त्याची फाइल बनवावी लागते, त्यासाठीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि रिप करताना एमपी थ्री न निवडता वेव्ह किंवा फ्लॅक निवडा म्हणजे आहे तो आवाज जसाच्या तसा उतरतो. डेटा सीडी असेल तर नुसतं कॉपी पुरतं. कॉपी झाल्यावर प्रत्येक फाइल सुरुवात, मध्य आणि शेवट अशी तीन ठिकाणी ऐकून घ्या, बाहेरच्या कडेजवळचा भाग अनेकदा आधी बिघडतो आणि सीडी आतून बाहेर भरत जाते, म्हणून पूर्ण भरलेल्या सीडीची शेवटची फाइल आधी तपासा.